रोजच्या भाकरीचा माणूस : पांडुरंग खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव मी दोनदा ऐकलं, आणि दोन्ही वेळा वेगळ्याच माणसाचं वाटलं. पहिल्यांदा शाळेत, गदर पक्षाच्या संस्थापकांच्या यादीत. पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, विसरलो. दुसऱ्यांदा कॉलेजात, वनस्पतिशास्त्राची तयारी करताना. दुष्काळात आणि थंडीत तग धरणाऱ्या पिकांवर टिपणं काढत होतो. तिथे मेक्सिकोतल्या एका शेतकी शाळेच्या प्राध्यापकाचं नाव आलं : पांडुरंग खानखोजे. मला वाटलं, नावात नाव असेल. तो आणि हा एकच आहे हे कळलं तेव्हा वही बाजूला ठेवून मी आधी या माणसाची सगळी गोष्ट शोधून वाचली. ती आपल्या मंडळाच्या अंकात सांगावीशी वाटली, कारण हा माणूस आपल्यापासून फार लांबचा नाही.

किती जवळचा, तर नदीएवढा. खानखोजे वर्ध्याचे. जी वर्धा नदी त्यांच्या जिल्ह्याच्या कडेने वाहते, तीच पुढे पैनगंगेला पोटात घेऊन आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची हद्द धरून जाते आणि वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. माती तीच काळी. पीक तेच, पऱ्हाटी आणि तूर. फरक एवढाच की तेव्हा ते इंग्रजांच्या मध्य प्रांतात होते आणि आपण निजामाच्या राज्यात.

त्यांचा जन्म 1880 च्या दशकातला. वडील लोकांचे अर्ज लिहून देण्याचं काम करायचे. म्हणजे ज्याला लिहिता येत नाही त्याची तक्रार, त्याची विनंती रोज घरात यायची. प्राथमिक शिक्षण वर्ध्याला, पुढचं नागपूरला. टिळकांचा प्रभाव मनावर होताच. पण मला त्या काळातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर आले. खानखोजे तेव्हा शाळकरी वयाचे होते. पाऊस गेला की आधी पीक जातं, मग जनावर, मग माणूस, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

1906 च्या सुमारास ते देश सोडून निघाले. आधी जपान, मग अमेरिका. डोक्यात एकच गोष्ट होती, इंग्रजांशी लढायचं, आणि त्यासाठी लष्करी शिक्षण घ्यायचं. कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी शाळेत ते शिकलेसुद्धा. पण त्याच वेळी त्यांनी शेतकीचं शिक्षणही धरलं. वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावी सरकारी कॉलेज होतं. तिथून 1913 साली ते शेतकी विषयात पदवी घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षी गदर पक्ष उभा राहिला. लाकडाच्या गिरण्यांत राबणारे पंजाबी मजूर, सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ, आणि त्यांच्यात हा वर्ध्याचा मराठी पोरगा. गदर म्हणजे बंड. पक्षाच्या लढाऊ शाखेची जबाबदारी खानखोज्यांकडे होती. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात गव्हाची ओंबी, असं ते वय होतं.

पुलमनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्या विषयाचं मूळ तिथे आहे. ग्रेगोर मेंडेल आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ब्रनोच्या मठातला तो ख्रिस्ती धर्मगुरू. मठाच्या बागेत वाटाणे लावून, मोजून, त्याने आनुवंशिकतेचे नियम मांडले. त्याचा निबंध 1866 साली छापला गेला आणि पुढे पस्तीसेक वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. 1900 मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांना तो पुन्हा सापडला. पण त्याच सुमारास पुलमनमध्ये विल्यम स्पिलमन नावाचे प्राध्यापक गव्हावर काम करत होते. त्यांचा प्रश्न अगदी शेतकऱ्याचा होता. तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात पेरलेला गहू मरून जायचा. थंडी सोसणाऱ्या गव्हाचा त्यांनी स्थानिक गव्हाशी संकर केला, आणि दुसऱ्या पिढीत गुण ठरावीक प्रमाणात वेगळे होऊन दिसतात हे त्यांच्या ध्यानात आलं. मेंडेलचा निबंध न वाचता ते त्याच नियमाजवळ पोचले, आणि 1901 साली त्यांनी ते जाहीर केलं. खानखोजे तिथे गेले तोवर स्पिलमन ते कॉलेज सोडून गेले होते. पण थंडी, कोरडी जमीन आणि बियाणं यांचा एकत्र विचार करण्याची रीत त्या जागेत मुरलेली होती.

मग पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि शेतकी मागे पडली. खानखोजे तुर्कस्तानात गेले, तिथून इराणात. इराणमार्गे बलुचिस्तानात शिरून हिंदुस्थानात बंड पेटवायचं असा बेत होता. तिथल्या टोळ्यांबरोबर राहून ते इंग्रजांशी लढले, पकडले गेले, निसटले. बेत फसला. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्याजवळ ना देश होता ना सैन्य. बर्लिन झालं, 1921 मध्ये मॉस्को झालं. घरी परतायचा रस्ता बंद होता, कारण आल्याबरोबर अटक ठरलेली. 1924 साली ते मेक्सिकोत पोचले. पुढची तीसेक वर्षं तोच त्यांचा मुलूख झाला.

मेक्सिकोच का? तिथे नुकतीच शेतकऱ्यांची क्रांती होऊन गेली होती. मोठ्या जमीनदारांच्या हासिएंडा मोडून जमिनी गावांना द्यायचं काम सुरू होतं. राजधानीजवळ चापिंगो इथे असाच एक जुना वाडा आणि त्याची जमीन सरकारने राष्ट्रीय शेतकी शाळेला दिली होती. त्या शाळेत खानखोजे प्राध्यापक झाले.

आता चापिंगोचं हवामान बघा. जागा समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या वर. पाऊस आपल्यासारखाच ठरावीक महिन्यांचा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. तो उशिरा आला तर पेरणी उशिरा, आणि पेरणी उशिरा झाली की कणीस भरायच्या आधीच थंडी येऊन गाठणार. एका रात्रीत पानावरचं दव गोठतं आणि सकाळी सगळं वावर भाजल्यासारखं काळं पडतं. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या एका बाजूला कोरड, दुसऱ्या बाजूला गारठा. खानखोज्यांनी मका, गहू, कडधान्यं यांवर काम केलं ते याच दोन शत्रूंना डोळ्यांसमोर ठेवून. थंडी आणि दुष्काळ सोसतील असे वाण काढायचे.

थंडी आणि दुष्काळ ही दोन टोकं एका दमात कशी घेतात, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर वाचल्यावर मजा वाटली. कडाक्याच्या थंडीत पानातल्या पेशींच्या मधल्या फटींत पाणी आधी गोठतं. तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजे पेशी थंडीने मरते म्हणण्यापेक्षा ती आतून वाळते. दुष्काळातही तेच होतं. म्हणून जी झाडं पेशीत साखर आणि काही खास प्रथिनं साठवून पाणी धरून ठेवतात, त्यांना दोन्ही संकटांत थोडा आधार मिळतो. काही जनुकं तर दोन्हीकडे कामाला येतात. पण हे एका जनुकाचं काम नव्हे. मुळं किती खोल जातात, फुलोरा किती लवकर येतो, पानं पाणी किती वाया घालवतात, असे पुष्कळ गुण मिळून सोशीकपणा तयार होतो. वाटाण्याच्या फुलाचा रंग जसा जांभळा किंवा पांढरा, तसा हा सरळ हिशोब नाही.

त्या काळात जनुकं वाचायची यंत्रं नव्हती. डीएनएची रचनासुद्धा 1953 साली कळली. मग काम कसं चालायचं? संकट येऊ द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात जायचं. शंभरातली नव्वद झाडं झोपली असतील. जी उभी राहिली त्यांना खूण करायची. मक्याचा तुरा वर आणि कणीस खाली, त्यामुळे पराग वाऱ्याने कुठूनही येतो. म्हणून कणसाला पिशवी बांधायची आणि निवडलेल्याच झाडाचा पराग हाताने टाकायचा. बी वेगळं ठेवायचं, पुढच्या वर्षी वेगळ्या ओळीत पेरायचं, पुन्हा संकट, पुन्हा निवड. एका वाणाला वर्षंच्या वर्षं जातात. बंडखोराला शोभेल असं हे काम नाही, असं कोणालाही वाटेल. मला वाटतं, हरलेल्या बंडखोरालाच ते जमलं असेल. मार खाऊनही कोण उभं राहतं, हे त्याला ओळखता येत होतं.

मक्याचा एक रानटी पूर्वज आहे, तेओसिंते. दिसायला गवतच. त्याच्या छोट्याशा कणसात मोजके आणि दगडासारखे कठीण दाणे. खाण्याच्या दृष्टीने बिनकामाचा, पण सोसण्यात पक्का. खानखोज्यांनी या तेओसिंतेचा मक्याशी संकर करण्याचे प्रयोग केले. माणसाने पिकाला गोड, मोठं, मऊ करत नेलं, आणि या वाटेवर त्याचा चिवटपणा गळत गेला. तो परत हवा असेल तर रानात राहिलेल्या भाऊबंदांकडेच जावं लागतं.

हेच आलूच्या बाबतीत. पुस्तकात बटाटा, आपल्या घरात आलू. पेरूच्या डोंगरातलं हे पीक. आलूची लागवड बियाने नाही, कंदाने होते, म्हणून एका वाणाची सगळी झाडं एकमेकांची हुबेहूब नक्कल असतात. एक मेलं तर सगळी मरणार. 1845 पासून आयर्लंडमध्ये करप्याच्या रोगाने हेच झालं. लाखो माणसं उपाशी मेली, लाखो देश सोडून गेली. पुढे या रोगाला तोंड देणारी जनुकं सापडली ती मेक्सिकोच्या डोंगरात वाढणाऱ्या सोलानम डेमिसम नावाच्या रानआलूत. मेक्सिकोतलं तोलुका खोरं तर या रोगाच्या अभ्यासाचं जगातलं मोठं ठिकाण झालं. आपल्याकडच्या कुफ्री ज्योतीसारख्या वाणांतही त्या रानआलूचं रक्त आहे. थंडीचंही तसंच. शेतातला आलू शून्याखाली दोनतीन अंश गेलं की कोलमडतो, पण दक्षिण अमेरिकेतल्या सोलानम कॉमर्सोनी आणि सोलानम अकॉले या रानजाती त्याहून कितीतरी जास्त गारठा सोसतात. ती जनुकं शेतातल्या आलूत आणणं मात्र सोपं नाही. लागवडीच्या आलूत गुणसूत्रांचे चार संच असतात, रानजातींपैकी कोणात दोन, कोणात चार, कोणात सहा. जात जुळत नाही म्हणून लग्न अडावं, तसलाच प्रकार.

आपल्या भागात आलूची अडचण उलटी. थंडी कमी पडते. कंद धरायला रात्री गार लागतात; रात्रीचं तापमान विसाच्या वर राहू लागलं की वर पाला भरपूर आणि खाली आलू थोडे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री छान गार, पण फेब्रुवारी उजाडला की ऊन तापायला लागतं. म्हणून उष्णता सोसणारा कुफ्री सूर्या हा वाण 2006 साली सिमल्याच्या केंद्रीय आलू संशोधन संस्थेने काढला, तेव्हा ती आपल्यासारख्या मुलखांसाठी मोठी गोष्ट होती. पीक वेगळं, संकट वेगळं, पण रीत तीच जी चापिंगोत चालू होती.

खानखोज्यांचं काम फक्त शाळेच्या वावरात राहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. त्यांनी खेड्यांत शेतकीच्या मुक्त शाळा काढल्या. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. ज्याच्या हातात नांगर आहे तोच विद्यार्थी. त्यातल्या एका शाळेला एमिलियानो झपाटाचं नाव होतं. झपाटा म्हणजे मेक्सिकोच्या शेतकऱ्यांचा लढवय्या, जमिनीसाठी लढताना 1919 साली मारला गेलेला. आपल्याकडे कुमरम भीम जल, जंगल, जमीन यांसाठी लढत जोडेघाटला 1940 साली पडले. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते, पण झपाटाच्या नावाच्या शाळेत वर्ध्याचा माणूस शिकवत होता हे वाचताना मला आधी जोडेघाटच आठवलं.

त्या शाळांत काय शिकवायचे? चांगलं झाड कसं ओळखायचं, बी कसं राखायचं, संकर कसा होतो. थोडक्यात, शास्त्रज्ञाची युक्ती शेतकऱ्याच्या हातात द्यायची. नवा वाण देऊन टाकणं सोपं आहे. वाण काढायचं ज्ञान देणं कठीण, कारण मग देणाऱ्याची गरज उरत नाही.

या कामात चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा मित्र झाला. चापिंगोच्या त्या जुन्या वाड्यात एक प्रार्थनामंदिर होतं. रिवेराने 1924 ते 1927 या काळात त्याच्या भिंती आणि छत रंगवलं. तिथे एका चित्रात हुतात्मे जमिनीखाली झोपलेत आणि त्यांच्यावर मका उभा आहे. प्रार्थनेच्या जागेत माती आणि बी. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी खानखोज्यांच्या मक्याचे आणि शाळेचे फोटो काढले. आणि मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेराने एक भित्तिचित्र काढलं, त्यात मेजाभोवती गरीब माणसं बसली आहेत आणि मधोमध बसलेला माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोज्यांचा. चित्राचं नाव ‘आमची भाकरी’. प्रभूच्या प्रार्थनेतले हे शब्द आपल्या कॉलेजात रोज सकाळी कानावर पडतात. कोणी मनापासून म्हणतं, कोणी नुसतं उभं राहतं, मीही त्यातलाच. ते चित्र बघितल्यापासून मला ती ओळ नुसती ऐकून सोडून देता येत नाही. भाकरी मागायची तर ती कोणाच्या वावरातून येते, कोणत्या बियाची, आणि ते बी कोणाचं, हे प्रश्न सोबत येतात.

1936 साली खानखोज्यांनी जान सिंडिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. एका मुलीनं, सावित्री साहनी यांनी, पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांना परत यायचं होतं, पण इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीतलं नाव स्वतंत्र भारतातही आडवं आलं. शेवटी 1955 मध्ये ते नागपूरला येऊन राहिले. जवळजवळ पन्नास वर्षांनी. ज्या भागातला तरुण गेला होता तिथे म्हातारा परत आला, आणि ओळखणारे थोडेच उरले होते. 22 जानेवारी 1967 रोजी नागपूरला त्यांचं निधन झालं.

त्याच सुमारास भारतात मेक्सिकोचं नाव गावोगाव पोचत होतं, पण ते बुटक्या गव्हामुळे आणि नॉर्मन बोरलॉग यांच्यामुळे. बोरलॉग 1944 साली मेक्सिकोत आले होते. त्यांच्या गव्हाने कोट्यवधी लोकांचं पोट भरलं, हे नाकारता येणार नाही. पण त्या गव्हाला पाणी लागत होतं, खत लागत होतं. खानखोजे ज्याच्यासाठी राबले तो शेतकरी पाण्याविना होता. आपला कोरडवाहू शेतकरी तसाच आहे. चापिंगोत त्यांचा पुतळा बसला तो 2022 साली, मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी.

आता आपल्याकडे बघू. जिल्ह्यात जिकडे तिकडे पऱ्हाटी, आणि तिचं संकरित बियाणं दरवर्षी पाकिटातून विकत घ्यायचं. संकरित बियाचं बी पुन्हा पेरलं तर गुण विस्कटतात, हा मेंडेलचाच नियम आहे, त्यात कोणाचं कपट नाही. पण पाऊस पंधरा दिवस ओढ देतो, दुबार पेरणी करावी लागते आणि पाकीट दुसऱ्यांदा आणायला पैसा नसतो, तेव्हा तो नियम घरात भांडण लावतो. आमच्याच घरात एका वर्षी तसं झालं. त्याच वावराच्या धुऱ्यावर आजीनं टाकलेली जुनी ज्वारी मात्र उभी राहिली होती. तिचं बी ती राख लावून मडक्यात ठेवायची. कोणतं कणीस बियाला ठेवायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही पोरं तिला हसायचो.

आजी आता नाही आणि ते बीही कोणी राखलं नाही. खानखोजे वाचताना मला कळलं की आजी जे करत होती त्याला निवड पद्धत म्हणतात, आणि एक माणूस तेच शिकवायला वर्ध्याहून निघून जगाला वळसा घालून मेक्सिकोच्या खेड्यात गेला होता. गोंड आणि कोलाम पाड्यांवर अजून काही घरांत ज्वारी, कोदो, कुटकी यांचं जुनं बी आहे. पुढच्या सुट्टीत आमच्या वर्गातली चारपाच पोरं ते बघायला जाणार आहोत, कोणतं बी कोणत्या साली, कोणत्या संकटात टिकलं हे विचारून लिहून घ्यायला. मराठी मंडळातल्या ज्यांना गोंडी किंवा कोलामी येते त्यांनी बरोबर यावं. तिथे आम्ही शिकवायला जाणार नाही, शिकायला जाणार आहोत.